कुर्मानगाझी आणि दीनाआजी



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचन-लेखन बंद करून टाकलं. जन्मभर वह्या तपासलेल्या बाईला हे म्हणजे उपासच. उरले कान. मग रेडिओ झाला, नाट्यगीतं झाली, भीमसेन झाले, कुमार झाले... आणि एके दुपारी नातीने मोबाइल उशाशी आणून ठेवला, "आजी, हे ऐक."

दिमाश कुदायबर्गेन नावाचा कझाकस्तानचा एक तरुण गायक आहे. आमच्या घरातल्या कॉलेजकन्येचं ते सध्याचं दैवत. पण त्या दुपारी तो गात नव्हता, एक वाद्य वाजवत होता. घोड्याच्या टापांसारखं काहीतरी सुरू झालं, वाढत गेलं, वर चढलं, पुन्हा खाली आलं, पुन्हा वर गेलं, आणि दोन-अडीच मिनिटांत तुटल्यासारखं थांबलं. मी विचारलं, "किती माणसं वाजवतायत गं?" तर म्हणाली, "एकटाच, आजी. आणि वाद्याला ताराही दोनच आहेत."

मला काही ते खरं वाटेना. डोळ्यांची पट्टी निघाल्यावर आधी तेच बघितलं. खरंच दोन तारा. वाद्याचं नाव दोम्ब्रा, रचनेचं नाव 'अदाय', आणि ती रचणाऱ्याचं नाव कुर्मानगाझी सागिर्बायउली. मग काय, शाळेतली जुनी खोड. एका नावापाशी अडकलं की त्याच्या खानदानापर्यंत जाऊन आल्याशिवाय चैन नाही. गेले काही आठवडे मी या माणसाच्या आणि त्याच्या एका शिष्येच्या मागे आहे. तेच आज सांगायचंय.

आधी दोम्ब्राविषयी थोडं. नासपतीच्या आकाराचं लाकडी पोट, लांब बारीक मान, मानेवर बांधलेले पडदे, दोन तारा. तारा आता नायलॉनच्या असतात, पूर्वी मेंढीच्या आतड्याची तात असे. त्या साधारणपणे षड्ज-मध्यम किंवा षड्ज-पंचम अशा नात्यात लावतात. वाजवायच्या दोन मुख्य तऱ्हा. पूर्वेकडची 'शेर्त्पे', त्यात बोटांनी हळुवार छेडतात. पश्चिमेकडची, म्हणजे कास्पियन समुद्राच्या बाजूची, 'तोक्पे'. तिच्यात सगळं काम मनगटाचं, दोन्ही तारांवर हात एकत्र पडतो. सतारीचा झाला ऐकलेल्यांना थोडी कल्पना येईल. फक्त इथे झाला शेवटी येत नाही, झाल्यातच सगळी गोष्ट सांगायची असते.

आणि गोष्ट हा शब्द मी उगीच वापरत नाहीये. दोम्ब्रावरच्या या रचनेला 'कुय' म्हणतात (उच्चार कु आणि क्यु यांच्या मधला कुठलातरी आहे, मला अजून जमलेला नाही). कुयला शब्द नसतात. तरी प्रत्येक कुयमागे एक हकिगत असते, आणि वादक ती बरेचदा आधी तोंडाने सांगतो आणि मग वाजवतो. सगळ्यात प्रसिद्ध हकिगत चंगीझखानाचा थोरला मुलगा जोची याची. जोचीचा मुलगा शिकारीला गेला आणि एका लंगड्या कुलानाच्या मागे लागून मेला. कुलान म्हणजे रानगाढव. आपल्याकडे कच्छच्या रणात घुडखर आहे ना, तीच जात. आता खानाला सांगणार कोण? मुलाच्या मरणाची बातमी जो तोंडाने सांगेल त्याच्या घशात उकळतं शिसं ओतू, असं खानाने बजावलेलं. तेव्हा एक म्हातारा वादक आला, काही न बोलता दोम्ब्रा वाजवू लागला. कळप पळाला, घोडा पळाला, माणूस पडला, सगळं तारांतून आलं. खानाला कळलं. पण बोललं कोण? वादक तर अवाक्षर बोलला नव्हता. मग शिसं दोम्ब्रावर ओतलं, आणि तेव्हापासून तिच्या पोटाला भोक आहे, असं म्हणतात. 'अक्साक कुलान' म्हणजे 'लंगडं रानगाढव' हा कुय आजही वाजवतात.

दंतकथाच आहे, पण या लोकांचा आपल्या संगीतावर भरवसा केवढा, ते तिच्यातून कळतं. जे बोलता येत नाही ते वाजवून सांगायचं.

कुर्मानगाझीने नेमकं हेच केलं.

त्याचा जन्म १८२३चा मानतात (जुन्या पुस्तकांत १८१८ही सापडतं). २०२३ मध्ये त्याची द्विशताब्दी साजरी झाली. जन्मस्थान बोकेई ओर्दा, म्हणजे व्होल्गा आणि उराल या दोन नद्यांमधला गवताळ, बराचसा वाळवंटी मुलूख. १८०१ साली रशियाच्या झारने बोकेई नावाच्या सुलतानाला आपली माणसं घेऊन तिथे राहायची परवानगी दिली, म्हणून हे नाव. कुर्मानगाझीच्या लहानपणी बोकेईचा मुलगा जांगीर खान गादीवर होता. माणूस शिकलेला. १८४१ साली त्याने शाळासुद्धा काढली, म्हणून मास्तरीण या नात्याने त्याला चार गुण द्यायला हवेत. पण चांगली कुरणं नातेवाइकांना आणि सरदारांना वाटली, गरिबांवर कर लादले. फिरत्या पशुपालकांचं सगळं जगणं कुरणावर. कुरण गेलं की मेंढी गेली, मेंढी गेली की माणूस गेला. १८३६ साली इसाताय तायमानउली आणि कवी माखांबेत ओतेमिसउली यांनी बंड केलं. ते १८३८ पर्यंत चाललं. इसाताय लढाईत पडला, माखांबेतचा पुढे १८४६ मध्ये खून झाला.

कुर्मानगाझी तेव्हा तेरा ते पंधरा वर्षांचा, परक्यांची गुरं राखणारा गरिबाघरचा पोरगा. बापाला दोम्ब्राचं कौतुक नव्हतं, आई अल्काला होतं. उझाक नावाचा एक वादक त्या भागात येत असे, त्याने पोराचा हात ओळखला. पुढे अठराव्या वर्षी कुर्मानगाझी घर सोडून वादक म्हणून भटकायला निघाला. त्याचा सुरुवातीचा मानला जाणारा एक कुय इसातायच्या बंडावर आहे. त्याचं नाव 'किश्केंताय', म्हणजे 'छोटासा'. एवढ्या मोठ्या उठावावरच्या रचनेला हे नाव! विनय म्हणायचा, की हुशारी, की आपण केवढे आणि तो केवढा याची जाणीव? मला तिसरं पटतं.

पुढचं आयुष्य बंडखोराचं. गावच्या धनिकांशी भांडणं, अंमलदारांशी भांडणं, घोडी पळवल्याचे आरोप. इथे एक लक्षात घ्यायला हवं. स्टेपमध्ये 'बारिम्ता' नावाची जुनी चाल होती. कुणी तुमचं देणं बुडवलं, अपमान केला, तर त्याची जनावरं हाकून आणायची आणि निवाडा होईपर्यंत आपल्याकडे ठेवायची. रशियन कायद्याने या चालीला सरळ चोरी ठरवलं. त्यामुळे कागदावरचा 'घोडेचोर' आणि लोकांच्या तोंडचा 'मर्द' हे एकच असू शकत होते. कुर्मानगाझी उराल्स्क आणि ओरेनबुर्गच्या तुरुंगांत गेला, पळाला, पुन्हा पकडला गेला.

आता त्याच्या कुयांची नावं बघा. 'किसेन अश्कान', म्हणजे बेड्या सुटल्या. 'तुर्मेदेन कश्कान', तुरुंगातून पळालेला. 'एर्तेन केतेम', उद्या मी जातो. 'अक्बाय', हे त्याच्या पाठीमागे लागलेल्या एका बड्या असामीचं नाव. 'लाउश्केन', हे मदत केलेल्या एका रशियन माणसाच्या नावाचं कझाक रूप. 'पेरोव्स्की मार्श', हा तर ओरेनबुर्गच्या खुद्द गव्हर्नर-जनरलच्या नावाने! वाचायला-लिहायला न शिकलेल्या माणसाने रोजनिशी लिहावी तसं हे आहे. नावं ओळीने लावली की आत्मचरित्र तयार होतं, आणि मजा म्हणजे त्यात शत्रू आणि मित्र दोघांनाही जागा आहे.

यातला 'कायरान शेशेम' हा कुय मला सगळ्यात जवळचा वाटतो. 'माझी बिचारी आई' असा काहीसा अर्थ, पण 'कायरान'मध्ये हळहळ आणि अभिमान दोन्ही आहेत. आपल्या 'माउली'त जसं बरंच काही मावतं तसं. हकिगत अशी सांगतात, की कुर्मानगाझीला बेड्या घालून नेत होते तेव्हा आई भेटायला आली. तिला बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अल्काने सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. मी मुलगा जन्माला घातला असं समजत होते, रडतोस काय, अशा अर्थाचं काहीतरी बोलली. आणि त्या माणसाने तिच्यावर कुय केला. हकिगत ठाऊक नसताना मी तो एकदा ऐकला होता आणि तेव्हा तो नुसता आर्जवी वाटला होता. ठाऊक झाल्यावर ऐकला तर त्यातला एक आघात थेट गालावर लागला. हा हकिगतीचा परिणाम की संगीताचा, कोण जाणे. बहुधा ते वेगळं करायचंच नसतं.

तोक्पे कुयची बांधणी समजली की ऐकायला सोपं जातं. सुरुवात मानेच्या वरच्या टोकाला, खर्जात. तो 'बास बुइन', म्हणजे पहिला सांधा. तिथून मधल्या भागात, 'ओर्ता बुइन'मध्ये जायचं आणि परत यायचं. मग मान जिथे पोटाला मिळते तिथे, तारसप्तकात, 'सागा'त. पुन्हा खाली. म्हणजे आपलं स्थायी-अंतराच की, फक्त वेग घोडदौडीचा आणि परत यायची ओढ फार. 'अदाय'मध्ये हे लख्ख ऐकू येतं. (अदाय हे कास्पियनच्या पूर्वेच्या मांगिस्ताऊ भागातल्या जमातीचं नाव. १८७० साली तिने रशियन अंमलाविरुद्ध उठाव केला होता.) 'सारिआर्का' मात्र लांब पल्ल्याच्या घोड्यासारखा, अंगात दम ठेवून चालणारा. 'बाल्बिराउइन' हसरा, दीड-दोन मिनिटांत संपणारा. आणि 'कोबिक शश्कान', म्हणजे 'फेस उडवत', हा कास्पियनच्या पुरावरचा.

१८६८ साली निकिता साविचेव नावाच्या उराल्स्कच्या एका कोसॅक लेखकाने कुर्मानगाझीला ऐकलं आणि तिथल्या वर्तमानपत्रात त्याच्यावर लिहिलं. युरोपीय शिक्षण मिळालं असतं तर हा माणूस संगीताच्या जगातला पहिल्या प्रतीचा तारा झाला असता, असा त्याचा अभिप्राय. साविचेवचा हेतू चांगला होता. त्याने लिहिलं नसतं तर कुर्मानगाझीला प्रत्यक्ष ऐकलेल्या बाहेरच्या माणसाची साक्षच मिळाली नसती. पण ते 'असतं तर' मला खटकतं. वर्गातल्या एखाद्या हुशार पण इंग्रजी न येणाऱ्या पोराबद्दल शिक्षकांच्या खोलीत असंच बोलत असत. मीही बोललेली आहे.

असो.

उतारवयात कुर्मानगाझी व्होल्गाच्या मुखाशी, अस्त्राखानच्या बाजूला स्थिरावला आणि १८९६ साली तिथेच वारला. त्याचं एकही ध्वनिमुद्रण नाही. स्वरलिपीत त्याने स्वतः काही लिहिलेलं नाही. मग आज त्याचे साठेक कुय कसे काय उरले?

कुणाच्यातरी हातात उरले म्हणून. ममेनसारखे काही शिष्य होते, त्यांचे शिष्य होते. पण सगळ्यांत मोठं नाव दीना नुरपेइसोवाचं. मी मनात तिला दीनाआजीच म्हणते.

दीना १८६१ची, त्याच बोकेई ओर्दातली. वडील दोम्ब्रा वाजवणारे, त्यामुळे घरात वाद्य होतं. ती नऊ वर्षांची असताना कुर्मानगाझीने तिचा हात ऐकला आणि तो थांबला. पुढे कित्येक वर्षं तो येत-जात राहिला, तिला शिकवत राहिला, आशीर्वाद दिला. म्हणजे बघा, १८७०च्या आसपासची गोष्ट, तुरुंग फोडून आलेला पन्नाशीच्या घरातला नामांकित वादक एका लहान मुलीला बसवून आपलं सगळं देतोय. आणि तिच्या घरच्यांना त्यात वावगं वाटत नाही. मला हे वाचून थोडा हेवा वाटला. आमच्या लहानपणीसुद्धा मुलीने पेटी शिकावी, पण चार लोकांत वाजवू नये, असं होतं.

शिकवणी अर्थातच कानावरची. समोर बसायचं, बघायचं, ऐकायचं, करायचं. चुकलं की पुन्हा. मनगट कुठे सैल सोडायचं हे कागदावर लिहून देता येत नाही.

मग दीनाचं लग्न झालं, संसार झाला, मुलं झाली, दुःखंही झाली. लग्नाकार्यांत, मेळ्यांत ती वाजवत राहिली, स्वतःचेही कुय करत राहिली. 'बुलबुल' तिचा. नावाप्रमाणेच, पक्ष्याने एका दमात लकेरी घ्याव्यात तसा. 'बायझुमा' तिचा, 'कोगेंत्युप' तिचा. १९१६ साली झारने मध्य आशियातल्या पुरुषांना महायुद्धाच्या पिछाडीच्या कामावर सक्तीने न्यायचा हुकूम काढला, ठिकठिकाणी उठाव झाले. त्यावर तिचा 'नाबोर' आहे, म्हणजे 'भरती'. गुरूने आपलं आयुष्य कुयांत मांडलं होतं, शिष्येने आजूबाजूच्या बायकांचंही मांडलं.

पुढे जे झालं ते मात्र कुठल्या कुयात मावण्यासारखं नव्हतं. १९३० ते १९३३ या काळात कझाकस्तानात दुष्काळ पडला. 'पडला' हा शब्द चुकीचा आहे खरं तर. सोव्हिएत सरकारने फिरत्या लोकांची जनावरं सामुदायिकीकरणात काढून घेतली, त्यांना जबरदस्तीने एका जागी बसवलं, धान्याची वसुली थांबवली नाही. सुमारे पंधरा लाख माणसं मेली, त्यांतली तेरा लाखांच्या आसपास कझाक. दहा लाखांहून जास्त माणसं परागंदा झाली. ज्या समाजाचं सगळं पाठांतरात आहे, तिथे एक म्हातारा मेला की एक ग्रंथालय जळतं, असं आपण सहज म्हणतो. इथे गावंच्या गावं गेली.

आणि बरोबर याच वेळी, १९३३ साली, आखमेत झुबानोव नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण लेनिनग्राडहून संगीत शिकून अल्माटीला (तेव्हाच्या अल्मा-अताला) येतो आणि पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, दोम्ब्रावादकांचा वाद्यवृंद उभा करतो. तारखा शेजारी ठेवल्या की अंगावर काटा येतो. दुष्काळ संपून वर्षही झालेलं नाही आणि हा माणूस गावोगावचे वादक शोधून त्यांच्या हातातले कुय कागदावर उतरवतोय. त्याच्याआधी हे काम अलेक्सांद्र झतायेविच या रशियन संगीतकाराने सुरू केलं होतं. त्याने कानाने ऐकून लिहिलेल्या हजार गाण्यांचा संग्रह १९२५ साली ओरेनबुर्गला निघाला, आणि पाचशे गाणी आणि कुयांचा १९३१ साली. (पहिल्याच्या नावात 'किर्गीझ' आहे, कारण रशियन मंडळी कझाकांना तेव्हा किर्गीझ म्हणत. आपल्याकडेही साहेबाने नावांचे असे घोळ पुष्कळ घातले.)

आपल्याकडे हेमा रायरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, त्याची आठवण झाली. अशी माणसं वेळेवर येतात म्हणून बरं.

दीना तेव्हा अस्त्राखानच्या बाजूला राहत होती. १९३७ साली तिला अल्माटीला आणलं. वय वर्षं शहात्तर. तिथे लोकवादकांच्या स्पर्धेत ती वाजवायला बसली, आणि ज्यांनी कुर्मानगाझी फक्त नावाने ऐकला होता त्यांच्यासमोर, त्याच्या मृत्यूनंतर एकेचाळीस वर्षांनी, त्याचा हात हजर झाला. मी तो प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा फार प्रयत्न करते. डोक्याला पांढरं वस्त्र गुंडाळलेली, सुरकुतलेल्या चेहऱ्याची, बसक्या बांध्याची म्हातारी. फोटो आहेत तिचे. आमच्या गावाकडच्या कुठल्याही आजीशेजारी बसवली तर वेगळी दिसणार नाही.

१९३९ साली मॉस्कोला अखिल सोव्हिएत स्पर्धेत तिला पुरस्कार मिळाला. १९४४ मध्ये ताश्कंदला मध्य आशियाई प्रजासत्ताकांचा संगीत महोत्सव झाला, तिथे त्र्याऐंशीव्या वर्षी वाजवून तिने सगळ्यांना गार केलं. त्याच वर्षी 'लोककलावंत' हा मोठा किताब. युद्धाच्या काळात 'अना बुयरिगी', म्हणजे 'आईची आज्ञा', हा कुय तिने केला. कुर्मानगाझीच्या आईची थप्पड इथे आठवल्याशिवाय राहत नाही. १९५५ साली ती गेली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी.

तिचे काही कुय सोव्हिएत थाटाचे आहेत. 'एंबेक एरी', म्हणजे 'श्रमवीर', हे एक नाव. नावं वाचून नाक मुरडणारे मला आंतरजालावर भेटले. मला ते पटत नाही. १९३७ साल म्हणजे काय होतं? झुबानोवचा सख्खा थोरला भाऊ खुदायबेर्गेन, कझाक भाषाशास्त्राचा पाया घालणारा विद्वान, त्याच वर्षी पकडला गेला आणि १९३८ मध्ये गोळी घालून मारला गेला. धाकटा भाऊ त्यानंतरही रोज सकाळी तालमीला उभा राहत होता. अशा दिवसांत म्हातारीने कुयला काय नाव द्यावं, हे इथे आरामखुर्चीत बसून आपण ठरवू नये. नाव विसरून 'एंबेक एरी' ऐका. मनगट तेच आहे.

वाद्यवृंदाबद्दल मात्र माझं मन दोन्हीकडे ओढतं. दोम्ब्रा एकट्याची होती. झुबानोवने लहान-मोठ्या, खर्जाच्या, तारेच्या दोम्ब्रा बनवून घेतल्या, बांधलेल्या पडद्यांच्या जागी कायमचे पडदे आले, समोर कागद आला, मध्ये काठीवाला उभा राहिला. बांधलेला पडदा किंचित सरकवता येतो, ठोकलेला नाही. आपल्याकडे पेटीवरून हाच वाद झाला आणि आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं पेटीला बाहेर ठेवलं. शिवाय पूर्वी एकाच कुयचे दहा वादकांचे दहा पाठ असत, सगळे खरे. एक छापला गेला की बाकीचे आपोआप चुकीचे ठरतात. क्रमिक पुस्तकाचं असंच होतं, हे तीस वर्षं शिकवून मी जाणते. चाळीस दोम्ब्रांचा 'अदाय' ऐकताना ऊर भरून येतो, पण एकट्या माणसाचा 'अदाय' ऐकताना घोड्याचा श्वास ऐकू येतो. पण हेही खरं, की १९३४ साली हे केलं नसतं तर वाद घालायलाही काही उरलं नसतं. आणि ज्या सरकारने माणसं मारली त्याच सरकारने हे मंचही दिले. याचा हिशेब कसा मांडायचा, मला येत नाही.

त्या वाद्यवृंदाला १९४४ साली कुर्मानगाझीचं नाव दिलं गेलं. अल्माटीच्या संगीत महाविद्यालयालाही त्याचंच नाव आहे. १९९३ साली कझाकस्तानने स्वतःचं चलन काढलं तेव्हा पाच तेंगेच्या नोटेवर कुर्मानगाझी आला. घोडेचोरीच्या आरोपाखाली बेड्या घातलेला माणूस नोटेवर! दोम्ब्रावरच्या कुयकलेला २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली, आणि २०१८ पासून जुलैचा पहिला रविवार तिकडे दोम्ब्रा दिन असतो. त्याची कबर मात्र अस्त्राखान प्रांतात, अल्तिनझार गावाजवळ आहे, म्हणजे आज सरहद्दीपलीकडे, रशियात. १९९६ साली तिथे स्मारक बांधलं गेलं. जन्मभर तो त्या दोन नद्यांमध्ये येरझारा घालत राहिला. तेव्हा मधे देशाची सरहद्द नव्हती.

दीनाआजीची ध्वनिमुद्रणं आहेत. खरखर पुष्कळ. पण कान सरावला की खरखरीतून ते मनगट वर येतं. सत्तर-ऐंशी वर्षांची बाई इतक्या वेगाने आणि इतक्या सैल हाताने वाजवू शकते, हे माझ्या संधिवाताला मी रोज सांगते. नातीलाही ऐकवलं. "आजी, आवाज खराब आहे," म्हणाली, पण पूर्ण ऐकलं. दुसऱ्या दिवशी स्वतःहून 'बुलबुल' लावलं होतं.

आता एक घरचं काम, आपल्या नातेवाईक मंडळींसाठी. आपली मोठी आई पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची, ते आपल्यातल्या पाच-सहाजणांना तरी आठवत असेल. मी तेव्हा बी.ए.ला होते. मोठमोठ्या कवींवर पानंच्या पानं लिहीत होते, आणि भिंतीपलीकडे ती म्हणत होती त्यातलं अक्षर लिहून घेतलं नाही. ती गेली तेव्हा मी परीक्षेला बसले होते. मला त्यातल्या जेमतेम चार आठवतात, त्याही अर्ध्या. परवा वन्संना फोन केला. त्यांना एक आठवली आणि म्हणता म्हणता दुसरी आली, मग तिसरी, मग थांबल्या. तेव्हा ज्यांना ज्यांना आठवत असतील त्यांनी पाठवा. अर्धी असली तरी चालेल, शब्द चुकले तरी चालेल. फक्त लिहून पाठवू नका, फोनवर म्हणून पाठवा. चाल मला हवी आहे.